रिपोर्ट नॉर्मल, त्रास कायम: आता काय करायचं?

रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी झाली. कुणाचा एमआरआयही झाला. सगळे कागद चाळून डॉक्टर म्हणाले, "काही निघालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." खरं तर हायसं वाटायला हवं. पण पाठ तशीच ठणकतेय, जिना चढताना तसाच दम लागतोय, पोट तसंच फुगतंय, आणि काही निघालंच नाही तर हे होतंय तरी काय, हा घोर वेगळाच.

या टप्प्यावर नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. अंगदुखी आणि थकवा सोबत घेऊन बरीच वर्षं जगणारी एक पेशंट आहे. औषधांबद्दल आणि तपासण्यांबद्दल इथे जे आहे ते तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे, परस्पर काही सुरू किंवा बंद करण्यासाठी नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: कारण शोधणं आणि त्रास कमी करणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा. आजाराचं नाव कळल्याशिवाय उपचार कसले करायचे, असं म्हणत दुसरं काम थांबवून ठेवलेले कितीतरी जण मी पाहिलेत, आणि त्यात त्यांची वर्षं गेली.

ही गोष्ट फार दुर्मीळ आहे असंही समजू नका. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,००० बाह्यरुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. छातीत दुखणं, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी अशा १४ नेहमीच्या तक्रारींपैकी शारीरिक कारण सापडलं होतं फक्त १६ टक्क्यांमध्ये.

रिपोर्टमधल्या आकड्यांकडे कसं बघायचं

लॅबच्या कागदावर उजवीकडे जी रेंज छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी ठरते: निरोगी समजल्या जाणाऱ्या पुष्कळ लोकांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे धरायचे. उरलेले ५ टक्के धडधाकट असूनही रेंजबाहेर पडतात. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्यांचं पॅकेज केलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. आणि रेंजच्या आत बसलेला आकडा तुमच्यापुरता पुरेसा असेलच, असंही नाही.

शिवाय तपासणीला जेवढं विचारलं तेवढंच ती सांगते. ईसीजी सांगतो की टेबलावर पडलेल्या त्या काही सेकंदांत ठोके कसे पडत होते. रात्री दोन वाजता होणाऱ्या धडधडीची त्याला खबर नसते, त्यासाठी २४ तास ठोके नोंदवत राहणारं होल्टर यंत्र लावावं लागतं. एंडोस्कोपीत आतलं अस्तर दिसतं. आतडं किती जोरात आवळतंय आणि ते मेंदूला किती तीव्रतेने जाणवतंय, हे दिसत नाही. चौकाचा फोटो काढला तर रस्ता, खांब, पट्टे सगळं जागच्या जागी दिसेल, पण सिग्नलचं टायमिंग बिघडल्यामुळे गाड्या तुंबतात हे त्यात कसं येणार? अवयवाची रचना ठीक पण काम बिघडलेलं, अशा त्रासाला डॉक्टर 'फंक्शनल' म्हणतात. दुखण्याच्या बाबतीत तर याचा माग मज्जारज्जूपर्यंत लागलेला आहे. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजा झाल्यानंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होऊन बसतात. मग जे पूर्वी जेमतेम जाणवायचं तेच दुखायला लागतं. हे एक्स-रेत कुठून दिसणार!

उलटंही होतं. कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, त्यात "मणक्यात गॅप" निघाली, आणि घरच्यांना एकदाचं कारण सापडलं. पण २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. तेव्हा रिपोर्टमध्ये काही निघालं म्हणजे तेच कारण, हेही गृहीत धरू नका.

पहिलं पाऊल: फाइल लावा आणि काय सुटलंय ते शोधा

एक साधी फाइल घ्या. सगळे कागद तारखेनुसार लावा, सगळ्यात नवा वर. फिल्म वेगळ्या पिशवीत ठेवा पण त्यांचा लेखी रिपोर्ट फाइलमध्येच असू द्या, कारण ओपीडीत तोच वाचला जातो. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅबची थर्मल कागदावरची प्रिंट उन्हाळ्यात कपाटातही उडून जाते.

मग डॉक्टरांसोबत एकदाच, शांतपणे, काही सुटलंय का ते पाहून घ्या. पुढच्या गोष्टी "सगळं नॉर्मल" म्हणताना हमखास राहून जातात.

लोहाचा साठा. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणजे लोह भरपूर, असं नसतं. साठा कळतो फेरिटिनवरून. निरोगी प्रौढांमध्ये फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं तर जागतिक आरोग्य संघटना साठा संपला असं मानते. थकवा असेल तर कितीतरी डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. ज्यांची पाळी जास्त जाते त्यांनी हे आवर्जून बघावं. ताप किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा वेळ बघून तपासा.

बी-१२. आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन ठीक असतानाही बी-१२ कमी असू शकतं आणि पायाला मुंग्या, आग, तोल जाणं, विसराळूपणा असे त्रास होऊ शकतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर शक्यता वाढते. आकडा काठावर असेल तर होमोसिस्टीन ही आणखी एक रक्ततपासणी करून उलगडा होतो. एक काळजी घ्या: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. एकदा सुई टोचली की रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही.

थायरॉइड. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. रक्त देण्याआधी गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा.

गव्हाची अ‍ॅलर्जी समजून पोळी सोडली आणि मग सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी केली, तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ही तपासणी गहू खात असतानाच करायची असते.

झोप. घोरणं, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलक्या, हे असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार बघायला हवा. त्याचा पत्ता रक्तातून लागत नाही, रात्रभराची स्लीप स्टडी लागते. जोडीदाराला विचारा, झोपलेल्या माणसाला स्वतःला हे माहीत नसतं.

पाळीच्या वेळचं असह्य दुखणं. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) नाही, असं होत नाही. पहिल्या डॉक्टरांनी "लग्नानंतर जाईल" म्हटलं असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण यात मुलींची कॉलेजची वर्षंच्या वर्षं वाया जातात.

उभं राहिल्यावर होणारी धडधड. हे घरीही बघता येतं, फक्त जवळ कुणीतरी असू द्या. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहा, नाडी मोजा. मग भिंतीला हलकं टेकून दहा मिनिटं उभे राहा आणि दर दोन मिनिटांनी नाडी लिहा. सोबत बीपीचं मशीन असेल तर उत्तम. प्रौढांमध्ये बीपी न पडता नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढली (१२ ते १९ वयात ४०) आणि डोकं गरगरायला लागलं, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि 'पॉट्स' नावाच्या आजाराबद्दल विचारा. पाणी कमी पिणं, ताप, रक्तक्षय यांनीही नाडी अशी वाढते, त्यामुळे घरच्या घरी शिक्का मारू नका. अंधारी आली तर लगेच आडवे व्हा.

चालू असलेली औषधं. डोकेदुखीसाठी साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस घेत असाल, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं.

आणि आधी कुठला ताप येऊन गेला ते आठवा. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात, क्वचित वर्षंही, आणि संधिवाताच्या नेहमीच्या तपासण्या स्वच्छ येतात. डेंग्यूनंतरचा थकवा रेंगाळतो. कोविडनंतर तीन महिन्यांनीही त्रास असेल, निदान दोन महिने टिकला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला वेगळं नाव आहे: लाँग कोविड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याची व्याख्या केली.

हे दिसलं तर वाट बघू नका

मनात नसताना वजन उतरणं. रेंगाळलेला ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम. दोन आठवड्यांच्या वर खोकला. शौचातून, लघवीतून किंवा थुंकीतून रक्त. गिळताना अडकणं. कुठेही नवी गाठ. पोटदुखी किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठवणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. हे असेल तर आधीचे रिपोर्ट कितीही चांगले असोत, पुन्हा तपासून घ्या.

छातीत दाब आणि घाम, अचानक एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं: यात सकाळ होण्याचीही वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एका पानाचा कागद

जगभरच्या आकडेवारीचा २०१७ साली आढावा घेतला गेला, तेव्हा भारतात डॉक्टर एका पेशंटला सरासरी सुमारे दोन मिनिटं देतात असं दिसलं. त्या दोन मिनिटांत पहिल्यापासून रामायण सांगायला लागलो तर मुद्द्यावर येईपर्यंत चिठ्ठी हातात पडते. म्हणून आधी दोन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा: आज काय त्रास झाला, किती झोप झाली, काय केलं. दोन आठवडे पुरेत. त्याहून जास्त काळ रोज दुखण्याची मोजदाद केली की लक्ष सतत दुखण्यावरच राहतं आणि ते वाढतं. मग त्यातून एक पान तयार करा. नमुना देते:

त्रास: मान, दोन्ही खांदे, कंबर दुखते. सकाळी उठताना सर्वांत जास्त. सोबत थकवा.
सुरुवात: मागच्या पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर.
काय बंद पडलं: ओट्यापाशी वीस मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. बसने ऑफिसला जाणं सोडलं.
कशाने वाढतं: झोप मोडली की, घरी पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी.
कशाने बरं वाटतं: गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं.
झालेल्या तपासण्या: नाव, तारीख, निकाल.
चालू औषधं: गोळ्या, काढे, पावडरी, सगळं.
भीती: आईला संधिवात होता, मलाही तोच आहे का?
आज काय हवंय: झोप सुधारण्याचा उपाय, आणि पुढे काय करायचं ते.

"काय बंद पडलं" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. "खूप दुखतं" सगळेच म्हणतात, पण ओट्यापाशी वीस मिनिटं हे ऐकल्यावर डॉक्टर मान वर करून बघतात. भीतीची ओळही गाळू नका. ती बोललीच नाही तर तिचं उत्तर मिळत नाही, आणि मग आपण तीच भीती घेऊन पुढच्या डॉक्टरांकडे जातो.

एकच डॉक्टर धरा

हाडांचे वेगळे, पोटाचे वेगळे, नसांचे वेगळे, आणि प्रत्येकाच्या चार-चार गोळ्या. एकाचं औषध दुसऱ्याला माहीत नाही. यापेक्षा एक फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन गाठा, जे ऐकून घेतात आणि हात लावून तपासतात. तज्ज्ञांकडे जायचं ते त्यांच्या चिठ्ठीने, आणि परत त्यांच्याकडेच यायचं. त्यांच्याशी ठरवून दर चार ते सहा आठवड्यांनी भेटायचं, बरं असलं तरी. त्रास वाढला की धावत जायचं, हे सोडायचं. ठरलेली तारीख असली की मधले दिवस निभावतात. हा माझा अनुभव आहे आणि डॉक्टरांच्या पुस्तकातही हाच सल्ला आहे.

भेटीत तीन गोष्टी विचारा. माझ्या त्रासामागे तुम्हाला काय असावं असं वाटतं, आणि कोणता आजार नाही याची तुम्हाला खात्री आहे? पुढची तपासणी केली तर तिच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का? कोणती नवी लक्षणं दिसली तर मी लगेच यायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर ती तपासणी सोडून द्या. "संपूर्ण शरीर तपासणी, फक्त इतके रुपये" ही पॅकेजेस तर नकोतच. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असताना केलेल्या तपासण्यांनी पेशंटची काळजी मिटते का, हे २०१३ साली १४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. काळजीही जवळजवळ तेवढीच राहिली आणि लक्षणंही. हातात मात्र एखादा बिनकामाचा ठळक आकडा येतो आणि त्याच्यामागे आणखी चार तपासण्या.

अजून एक विनंती: नुसतं "काही नाही" एवढ्यावर उठू नका, "मग आहे काय?" हे विचारा. यातल्या पुष्कळ त्रासांचं निदान प्रत्यक्ष खुणांवरून होतं. आयबीएस म्हणजे आतड्याचं काम बिघडण्याच्या त्रासासाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) २०१६ साली ठरलेले निकष आहेत: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचं शौचाशी नातं. फायब्रोमायल्जियासाठी तीन महिने टिकलेल्या, अंगभर पसरलेल्या दुखण्याचे निकष आहेत. पायातली ताकद गेल्यासारखी वाटते त्यात १९०८ साली हूवर या डॉक्टरांनी वर्णन केलेली एक खूण आजही वापरतात. पेशंट दुबळा पाय स्वतःहून खाली दाबू शकत नाही. पण दुसरा, चांगला पाय उचलायला सांगितला की हाच दुबळा पाय डॉक्टरांच्या तळहातावर आपोआप जोराने दाबला जातो. म्हणजे नस शाबूत आहे, हुकूम पोचण्यात गडबड आहे. काही डॉक्टर हे पेशंटला करून दाखवतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आपलाच पाय काम करताना दिसला की फिजिओथेरपीवर विश्वास बसतो.

"मनाचं आहे" असं कुणी म्हटलं तर

राग येतो. मलाही येतो. "मनाचं आहे" म्हणताना समोरच्याला बहुतेक वेळा "नाटक आहे" असं म्हणायचं असतं, आणि ते साफ चूक आहे. पण त्या रागात मनाच्या बाजूचे उपाय झिडकारू नका, कारण त्यांचा शरीराला खरोखर उपयोग होतो.

एक साधं उदाहरण. घाबरल्यावर श्वास भरभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. मुंग्या खऱ्या असतात, रक्तातला बदल मोजता येतो. श्वास संथ केला, विशेषतः सोडताना जास्त वेळ घेतला, की काही मिनिटांत उतार पडतो.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या बायकांची पाहणी केली. २००५ साली तिचे निष्कर्ष आले. सुमारे १२ टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकव्याने हैराण होत्या. सगळ्यांना वाटेल रक्त कमी असेल. पण थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कमी शिक्षण, घरावरचं कर्ज, नवऱ्याकडून होणारी हिंसा आणि मनाच्या अस्वास्थ्याशी. अशा बाईला टॉनिकची बाटली देऊन घरी पाठवणं हा माझ्या मते अन्याय आहे. तिला आधी विचारायला हवं, घरी कसं चाललंय?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेतून अशा शारीरिक त्रासाच्या निदानासाठी असलेली "वैद्यकीय कारण सापडत नाही" ही अटच काढून टाकली. कारण सापडो वा न सापडो, त्रासाभोवतीची भीती आणि त्यात जाणारा वेळ यांनी आयुष्य अडलं असेल तर मदत घ्यावी, एवढाच आता त्यांचा रोख आहे. समुपदेशनाला जाताना हे लक्षात असू द्या. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं वाटायला लागलं तर त्याच क्षणी फोन करा किंवा घरातल्या कुणाला तरी सांगा.

गोळ्यांबद्दल एक. अंगदुखीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिली जाते. घरी येऊन नाव शोधलं की "डिप्रेशनची गोळी" असं दिसतं आणि पेशंट पाकीट तसंच ठेवून देतो. ही औषधं मेंदू आणि मज्जारज्जूतल्या वेदनेच्या मार्गांवरही काम करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलीन दुखण्यासाठी बहुधा रात्री १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेने सुरू होते. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते. गुण यायला काही आठवडे लागतात. नको वाटली तर डॉक्टरांना तसं सांगा, मनाने अचानक बंद करू नका.

दिवस कसा लावायचा

बरं वाटलं की सगळं उरकून टाकायचं आणि मग आडवं व्हायचं, हा आपल्यातल्या बहुतेकांचा खाक्या असतो. दिवाळीत तो उघडा पडतो. वसुबारसेच्या आधी माळे झाडायचे, डबे घासायचे, एका बैठकीत चकल्या पाडायच्या, लगेच करंज्या लाटायला घ्यायच्या. आणि लक्ष्मीपूजनाला आपण पांघरुणात. मग घरचे म्हणतात, काल तर चांगली होतीस!

यावर उपाय म्हणजे कामाचं माप ठरवणं, आणि ते चांगल्या दिवशीही पाळणं. किती वेळ उभं राहिल्यावर दुखायला लागतं ते बघा आणि त्याच्या आधीच थांबा. वीस मिनिटांनी दुखत असेल तर पंधराव्या मिनिटाला बसा, दुखत नसलं तरी. गजर लावा, कारण कामाच्या भरात कुणाला आठवत नाही. चकलीचं पीठ एका दिवशी, चकल्या दुसऱ्या दिवशी, अर्ध्या विकतच्या. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटता येतात. दोन आठवडे नीट निभावलं तर पंधराची सतरा मिनिटं करा. हे फार संथ वाटतं, चिडचिड होते, पण मला उपयोग झाला तो यानेच.

चालणं, हलका व्यायाम, पाण्यातला व्यायाम यांनी अंगदुखीत फायदा होतो, अगदी थोड्यापासून सुरुवात केली तर. याला एक मोठा अपवाद आहे. थोडे श्रम केले की लगेच नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळंच कोसळतं, ताप आल्यासारखं वाटतं, डोकं चालत नाही आणि हे दिवसचे दिवस टिकतं, असं असेल तर व्यायाम वाढवत नेऊ नका. एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाच्या आजाराची ही खूण आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ सालच्या मार्गदर्शनात या आजारासाठी ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. "उठा, चाला, हालचाल करा" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

झोपेसाठी एकच नियम धरायचा झाला तर उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली असली तरी. चहा दुपारी चारनंतर नको.

घरात, ऑफिसात आणि पुड्यांबद्दल

घरच्यांना रिपोर्ट नॉर्मल आल्याचा आनंद झालेला असतो आणि आपण तरीही कण्हतोय, हे त्यांना कळत नाही. तक्रारीऐवजी मागणी करून बघा. "माझ्याने काही होत नाही" असं म्हणण्यापेक्षा "आई, संध्याकाळची भाजी मी चिरून देते, फोडणीला उभं राहायला तुम्ही या" हे सासूबाईंनाही पटतं. एकदा घरातल्या एका माणसाला डॉक्टरांकडे सोबत न्या. तेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्याचं वजन वेगळं असतं. ऑफिसात आजाराचं नाव सांगायला लागू नका, नाव नसलं की वाद होतो. काय सोय हवी ते सांगा: सलग बसायचं नाही, अमुक दिवशी घरून काम. डॉक्टरांकडून तेवढंच लिहून आणा.

रिपोर्ट नॉर्मल आले की सल्ले सुरू होतात. नजर लागली, बाहेरचं आहे, अमक्या गावचा वैद्य पाय चेपूनच बरं करतो. देवळात जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जा. पण नाव नसलेली पुडी किंवा काळी गोळी खाऊन दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर आनंदायच्या आधी सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक थांबवलं तर जीवावर बेतू शकतं. असं काही बराच काळ घेतलं असेल तर लपवू नका, उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. आणि उतारा-करणीच्या नावाने कुणी पैसे मागत असेल किंवा मारझोड करत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

सहा महिन्यांनी

पहिलं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा. दुखणं किती कमी झालं यापेक्षा "काय बंद पडलं" ही ओळ वाचा. वीस मिनिटांची तीस झाली का, बसने जाता येतंय का. काहीच हललं नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि उपचार बदलून मागा. पेन क्लिनिक, फिजिओथेरपी, समुपदेशन यांतलं जे राहिलं असेल ते.

आणि एखादं निदान मिळालं असेल तरी प्रत्येक नवा त्रास त्याच खात्यात टाकू नका. फायब्रोमायल्जिया असलेल्या बाईलाही पित्ताचे खडे होतात, आयबीएसवाल्यालाही अपेंडिक्स होतो. दुखण्याची जागा बदलली, जात बदलली, किंवा वर लिहिलेलं धोक्याचं एखादं लक्षण दिसलं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "हे नेहमीचं नाही, हे नवं आहे, कृपया तपासून बघा."